टाकाऊ कोणी ठरवले?

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर २००५ साली सात मीटर उंचीची एक मानवाकृती उभी करण्यात आली. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, मोबाइल फोन आणि वायरींची भेंडोळी यांपासून तिचे शरीर घडवलेले होते, तर दातांच्या जागी संगणकाचे माउस बसवलेले होते. 'वी मॅन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शिल्पाचे ('वी' ही विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा कचरा या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे) वजन ३.३ टन होते, आणि हे वजन शिल्पकार पॉल बोनोमिनी यांनी मनाने ठरवलेले नव्हते. ब्रिटनमधील एक सरासरी माणूस आयुष्यभरात विजेवर चालणाऱ्या जितक्या वस्तू टाकून देतो, त्यांचे एकत्रित वजन तितके भरेल असा तेव्हाचा अंदाज होता. पुढे हे शिल्प कॉर्नवॉलमधील ईडन प्रोजेक्ट या उद्यानात हलवण्यात आले. कागदावर वाचलेला ३.३ टन हा आकडा दुसऱ्या दिवशी आठवत नाही; तोच आकडा हातपाय फुटून समोर उभा राहिला, की आपण फेकलेले सारे एका जागी साठल्यास ते आपल्याहून कितीतरी मोठे असेल, हे समजायला माहितीफलक वाचावा लागत नाही.

टाकून दिलेल्या वस्तूंपासून केलेले असे काही पाहिले की आपल्या ओठावर पहिला शब्दप्रयोग येतो तो 'टाकाऊतून टिकाऊ' हा. करणाऱ्याच्या कल्पकतेला आणि काटकसरीला दिलेली ती दाद असते, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु या दोन शब्दांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत: वस्तू टाकाऊ होती हे आधीच ठरलेले आहे, आणि टिकाऊपण तिला कलाकाराने दिले. वास्तविक प्लास्टिकची बाटली काही मिनिटे वापरली जाते आणि तिचे प्लास्टिक कित्येक पिढ्या मागे उरते, म्हणजे टिकाऊपण तिच्यात पहिल्यापासूनच होते. टाकाऊ मात्र ती आपण होऊन झाली नाही. कोणीतरी तिला तसे ठरवले. कोणी, कधी आणि कशासाठी ठरवले, हा प्रश्न जे शिल्प पाहणाऱ्याच्या मनात उभा करते ते उपभोगसंस्कृतीवरचे भाष्य होय. जे तो प्रश्न उभा करत नाही, ते भंगारापासून बनवलेले शिल्प, कदाचित अतिशय देखणेही, पण भाष्य नव्हे.

उपभोगसंस्कृती या शब्दाबद्दलही थोडे बोलायला हवे. मराठीत तिला सर्रास 'चंगळवाद' म्हटले जाते, परंतु त्या शब्दामुळे सारा दोष चंगळ करणाऱ्या एकट्या माणसाच्या पदरात पडतो, आणि त्याला चंगळ करायला लावणारी व्यवस्था नजरेआड राहते. कारखान्यात वस्तू अखंड बनत राहायच्या असतील तर त्या अखंड विकल्या गेल्या पाहिजेत, आणि घराघरातली जागा मर्यादित असताना त्या अखंड विकल्या जायच्या असतील तर आधीच्या वस्तू घराबाहेर पडल्या पाहिजेत. या हिशेबात टाकणे ही पुढच्या खरेदीची पूर्वतयारी ठरते. १९२४ साली जिनिव्हा येथे स्थापन झालेल्या 'फीबस' या दिवे उत्पादकांच्या संघाने दिव्याचे आयुष्य १,००० तासांच्या आसपास ठेवण्याचे ठरवले आणि ती मर्यादा ओलांडणाऱ्या सदस्यांना दंडही लावला, हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. (जास्त तास टिकणारा तारेचा दिवा तितक्याच विजेत मंद प्रकाश देतो, हे तांत्रिक कारणही खरे आहे, म्हणून या गोष्टीतून सरळसोट खलनायक उभा करणे योग्य नाही.) त्याच दशकात अमेरिकेतील मोटार उद्योगाने दरवर्षी नवे मॉडेल बाजारात आणण्याची पद्धत रूढ केली, आणि चालू स्थितीतली मोटारही 'जुनी' दिसू लागली. ऑगस्ट १९५५ मध्ये 'लाइफ' या अमेरिकी नियतकालिकाने एकदा वापरून फेकायच्या वस्तू हवेत उधळणाऱ्या कुटुंबाचे छायाचित्र छापले. या साऱ्या वस्तू धुवायच्या म्हटल्या तर ४० तास लागतील, आता मात्र गृहिणीला ती चिंता नको, असे त्यासोबत म्हटले होते. त्या मजकुरात उपहास नव्हता. फेकता येणे ही तेव्हा सुटका वाटत होती.

टाकाऊ वस्तू कलेत शिरल्या त्या याच्याही आधी, आणि वेगळ्या कारणांनी. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, जर्मनीतील हॅनोव्हर येथील कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाचे तुकडे, तारा असे हाती लागेल ते चिकटवून आणि ठोकून कलाकृती करायला सुरुवात केली, आणि या उद्योगाला 'मेर्झ' असे नाव दिले. छापील मजकुरातून कापलेल्या 'कोमर्झ', म्हणजे व्यापार, या शब्दाचा तो उरलेला तुकडा होता. व्यापार फाडल्यावर हाती काय उरते, याचे एवढे नेमके नाव नंतरही कोणाला सुचले असेल असे मला वाटत नाही. पिकासो यांनी १९४२ साली जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचे मस्तक केले, ते तर टंचाईच्या काळातले काम होते. पुढे त्यांनी ते ब्राँझमध्ये ओतून घेतले, आणि ओतकामात चामडे आणि लोखंड दोन्हींचा एकच धातू झाला. ते शिल्प थोर आहे यात शंका नाही, पण त्यात विचार चालला आहे तो आकाराचा. सीट कोणाची होती, सायकल का मोडली, हे तिथे कोणी विचारत नाही.

हा प्रश्न विचारला जाऊ लागला तो टंचाई संपून रेलचेल सुरू झाल्यावर, आणि त्या वळणाचे वर्ष ठरवायचेच तर १९६० हे ठरवता येईल. त्या वर्षी मार्चमध्ये जाँ टिंगेली यांनी कचरा डेपोवरून आणलेली चाके आणि इतर सामान जोडून एक अवाढव्य यंत्र बनवले, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत ते सुमारे २७ मिनिटे स्वतःलाच मोडत राहिले. पॅरिसमध्ये सेझार यांनी भंगाराच्या दाबयंत्रातून निघालेले मोटारींचे चौकोनी ठोकळे तसेच्या तसे प्रदर्शनात मांडले. आणि ऑक्टोबरमध्ये आर्मान यांनी इरिस क्लेर यांचे पॅरिसमधील कलादालन जमिनीपासून छतापर्यंत कचऱ्याने आणि अडगळीने इतके भरले, की प्रेक्षकांना आत पाऊल ठेवता येईना आणि त्यांना ते रस्त्यावर उभे राहून काचेतून पाहावे लागले. निमंत्रणपत्रिका सार्डिन माशांच्या डब्यात बंद करून पाठवलेली होती. याच दालनात दोन वर्षांपूर्वी आर्मान यांचे मित्र ईव्ह क्लाइन यांनी संपूर्ण रिकामी खोली प्रदर्शन म्हणून मांडली होती आणि तिला 'रिक्त' म्हटले होते. आर्मान यांनी आपल्या प्रदर्शनाला 'पूर्ण' हे नाव दिले. दुकानाच्या काचेतून माल पाहायची सवय झालेल्या माणसाला त्याच पद्धतीने, तशाच काचेतून, त्याच मालाची पुढची अवस्था दाखवणे, यात त्या प्रदर्शनाचा सारा तिखटपणा आहे. आर्मान यांनी घरातल्या कचऱ्याच्या डब्यातील ऐवज पारदर्शक पेट्यांत भरून त्यांचीही शिल्पे केली. पोर्ट्रेट चित्रात माणूस आपल्याला हवा तसा बसतो. त्याच्या कचऱ्याच्या पेटीत मात्र त्याने काय खाल्ले, काय वाचले आणि काय लपवले हे सारे उघडे पडते.

इथे एक शाब्दिक घोळ दूर केला पाहिजे. या शिल्पांना आपण पुनर्चक्रित साहित्याची शिल्पे म्हणतो, पण पुनर्चक्रणात वस्तू दळली, वितळवली किंवा लगदा केली जाते आणि तिचे मूळ रूप पुसले जाते, कारण कारखान्याला कच्चा माल हवा असतो, आठवणी नकोत. शिल्पकाराला बहुधा उलटे हवे असते. बाटलीवरचे फाटके लेबल, बुटाच्या तळव्याची झीज, डब्यावर कोणीतरी खिळ्याने कोरलेली खूण, हेच त्याचे खरे साहित्य असते; ते वितळवले तर हाती निव्वळ रंगीत प्लास्टिक उरेल. म्हणून अशा कामात जोडण्याच्या पद्धती मुद्दाम अशा निवडल्या जातात की भाग ओळखता येतील: वेल्डिंग, तारेने बांधणे, रिव्हेट, खिळे, शिवण, किंवा नुसते रचून ठेवणे. प्रेक्षकाची नजर दोन गोष्टींमध्ये ये-जा करत राहावी, दुरून घोडा दिसावा आणि जवळून चमचे, अशी ती योजना असते. ही ये-जा जिथे थांबते तिथे एक तर नुसता घोडा उरतो, नाहीतर नुसते चमचे.

ही ये-जा सर्वांत समर्थपणे साधणाऱ्यांत मी एल अनात्सुई यांचे नाव घेईन. घानात १९४४ साली जन्मलेले हे शिल्पकार नायजेरियातील न्सुक्का येथे अनेक दशके राहिले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांना दारूच्या बाटल्यांची झाकणे भरलेली एक पिशवी सापडली. ती झाकणे आणि त्यांच्या मानेभोवतीच्या पट्ट्या चपट्या करून, कापून, पिळून आणि तांब्याच्या तारेने एकमेकींत गुंफून त्यांनी आपल्या सहायकांसह भिंतभर पसरणारी धातूची वस्त्रे तयार केली. दुरून पाहिले तर सोनेरी जरीचा राजेशाही पट लोंबतो आहे असे वाटते. जवळ गेले की प्रत्येक टिकलीवर दारूच्या कंपनीचे नाव वाचता येते. दारूची निवडही सहज घडलेली नाही. युरोपी व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत आणलेल्या मालात मद्य होते, आणि अटलांटिकपलीकडे गुलामांच्या श्रमावर पिकलेल्या उसापासून होणारी रम त्याच व्यापाराच्या साखळीतला एक दुवा होती. एक क्षुल्लक झाकण असे तीन खंडांचा हिशेब सांगू लागते. अनात्सुई हे पट एकाच ठरावीक घडीत बांधून ठेवत नाहीत. प्रत्येक दालनात ते टांगणाऱ्यांनी आपल्या जागेप्रमाणे त्यांना चुण्या पाडाव्यात अशी मोकळीक ते देतात. २०१५ साली व्हेनिसच्या बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह हा पुरस्कार देण्यात आला.

शेजारच्या बेनिनमधील रोमुआल्ड हाझूमे यांनी निवडलेली वस्तू याहून ओबडधोबड आहे: पेट्रोलचे प्लास्टिकचे कॅन. नायजेरियातून बेनिनमध्ये चोरट्या मार्गाने येणारे पेट्रोल मोटारसायकलींवर अशाच कॅनमधून वाहिले जाते, आणि त्यांत जास्त इंधन मावावे म्हणून कॅन विस्तवावर तापवून फुगवले जातात. ते अखेरीस फुटतात, आणि अनेकदा वाहणाऱ्याला सोबत घेऊन. कॅनची मूठ म्हणजे नाक आणि तोंड म्हणजे तोंड, असा मुखवटा हाझूमे यांना त्यात दिसला. असे ३०४ मुखवटे त्यांनी अठराव्या शतकातील 'ब्रूक्स' या गुलामवाहू जहाजाच्या प्रसिद्ध आराखड्याप्रमाणे जमिनीवर दाटीने मांडले, आणि ही मांडणी आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे. माणूस आणि कॅन या दोघांनाही फुटेपर्यंत वापरायचे आणि मग बाजूला टाकायचे, ही तुलना शब्दांत मांडली तर भडक वाटेल. कॅन मात्र ती काही न बोलता करतात.

भारतातले या संदर्भातले सर्वांत मोठे काम भाष्य म्हणून सुरूच झालेले नव्हते. चंदीगढ हे ल कॉर्बुझिए यांनी आखलेले नवे शहर उभारताना जी जुनी गावे पाडली गेली, त्यांचा राडारोडा शहराच्या कडेला पडला होता. फाळणीत घर सोडून आलेले नेकचंद हे तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. त्यांनी १९५७च्या सुमारास, कामाचे तास संपल्यावर, फुटकी चिनी मातीची भांडी, बांगड्यांचे तुकडे, विजेच्या फिटिंग्ज आणि दगड सायकलवरून वाहून नेऊन राखीव जंगलातल्या एका घळीत माणसे, प्राणी आणि पाखरे घडवायला सुरुवात केली. हे काम बेकायदा असल्यामुळे जवळजवळ दोन दशके ते गुप्त राहिले. उघडकीस आल्यावर ते पाडण्याऐवजी १९७६ मध्ये लोकांसाठी खुले करण्यात आले, आणि आज रॉक गार्डन सुमारे ४० एकरांवर पसरलेले आहे. नेकचंद यांनी उपभोगसंस्कृतीवर व्याख्यान दिले नाही. परंतु काटकोनात आखलेल्या नव्या शहराने जे निरुपयोगी म्हणून बाजूला सारले, त्याच शहराच्या कुशीत त्याची रांगच्या रांग उभी राहून पाहते आहे, ही वस्तुस्थिती व्याख्यानाहून बोलकी आहे.

याच्या शेजारी दिल्लीतील 'वेस्ट टू वंडर' हे उद्यान ठेवून पाहावे. २०१९ साली खुल्या झालेल्या या उद्यानात सुमारे १५० टन भंगारापासून ताजमहाल, आयफेल टॉवर यांसह जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. त्यातले कारागिरीचे कौशल्य नाकारण्याचे कारण नाही, आणि इतके लोखंड सत्कारणी लागले हेही चांगलेच झाले. मात्र तिथे भंगार स्वतःला विसरून आयफेल टॉवर होते, आणि पाहणारा टॉवरसोबत छायाचित्र काढून पुढे जातो. पुनर्वापर झाला, भाष्य झाले नाही. दोन्हींची गल्लत करू नये इतकेच माझे म्हणणे आहे.

भाष्य होण्यासाठी वस्तू मोडलेली असावी लागते असेही नाही. चिनी कलाकार सोंग दोंग यांनी २००५ साली बीजिंगमध्ये आपल्या आईने घरात साठवलेल्या दहा हजारांहून अधिक वस्तू मांडल्या: टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूब, बाटल्यांची झाकणे, पिशव्यांच्या नीट केलेल्या घड्या, कापडाचे तुकडे, रेशनच्या काळात जपून ठेवलेले साबण. पतीच्या निधनानंतर आईचे हे साठवणे वाढतच गेले होते, आणि मुलाने तिला सोबत घेऊन, तिच्याच हातांनी, ते सारे प्रकारवार लावले. उपासमार आणि टंचाई पाहिलेल्या पिढीने वस्तू न फेकणे हा सद्गुण मानला. त्याच वस्तूंकडे पुढची पिढी अडगळ म्हणून पाहते. इथे टाकाऊ ठरवणारा बाजार आणि टाकू न देणारी आई एकाच खोलीत समोरासमोर येतात, आणि कोणाची बाजू घ्यावी हे पाहणाऱ्याला चटकन ठरवता येत नाही. पुष्कळ पर्यावरणवादी शिल्पांना न जमलेली ही गोष्ट आहे, कारण त्यांचा निकाल आधीच लागलेला असतो. किनाऱ्यावरचे प्लास्टिक गोळा करून केलेला मासा पाहिला की आपण हळहळतो, कारण तशी हळहळ त्यात अपेक्षितच असते. मासा क्रमांक दहा पाहताना ती हळहळही यांत्रिक होते.

या सगळ्यावर घेतले जाणारे आक्षेप निराधार नाहीत. पहिला आक्षेप खुद्द एका शिल्पकाराकडून आला. जॉन चेंबरलेन हे मोटारींच्या चेपलेल्या, रंगीत पत्र्यांपासून शिल्पे करत, आणि समीक्षक त्यांत अमेरिकी मोटारसंस्कृतीची आणि अपघातांची टीका शोधत. चेंबरलेन यांना हा अर्थ मान्य नव्हता, त्यांच्या लेखी तो पत्रा म्हणजे रंग आणि आकार असलेले सहज मिळणारे साहित्य होते. तेव्हा साहित्य भंगाराचे आहे एवढ्यावरून टीका गृहीत धरू नये. दुसरा आक्षेप बाजाराचा आहे: उपभोगावर टीका करणारे शिल्प लिलावात विकले जाते, श्रीमंत संग्राहकाच्या घरी जाते, आणि त्याची छायाचित्रे छापलेल्या पिशव्या संग्रहालयाच्या दुकानात मिळतात. तिसरा आक्षेप प्रमाणाचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले, त्यातील सुमारे ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि त्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचे पुनर्चक्रण झाले. या डोंगरातून शिल्पकाराने दोन-पाच टन उचलले म्हणून डोंगर हलत नाही. 'कचरा कमी करणारी कला' हे वर्णन म्हणूनच चुकीचे आहे, आणि एखादी कंपनी आपल्या दारात असे शिल्प उभारून स्वतःच्या कचऱ्याची जबाबदारी फिटली असे दाखवू लागली, तर ते वर्णन तिच्याच कामी येते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चौथा आक्षेप: या शिल्पांत वस्तू दिसतात, पण त्या उचलणारी माणसे दिसत नाहीत. विवान सुंदरम यांनी दिल्लीतील कचरावेचकांसोबत काम करून, कचऱ्याची अख्खी नगररचना स्टुडिओत उभारली, तेव्हा त्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. त्याआधी, १९७९-८० मध्ये, मिअर्ल लाडरमन युकलीज यांनी न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातील सुमारे ८,५०० कर्मचाऱ्यांशी हस्तांदोलन करून प्रत्येकाचे आभार मानले, आणि १९८३ मध्ये कचरा वाहणाऱ्या एका ट्रकच्या बाजूंना आरसे बसवले. रस्त्यावरून जाणाऱ्याला ट्रककडे पाहिले की स्वतःचाच चेहरा दिसे. त्या ट्रकला टाकाऊ वस्तूंचे शिल्प म्हणता येईल का, याबद्दल वाद होऊ शकतो. कचरा कोणाचा, हे इतक्या थेट सांगणारे दुसरे शिल्प मला ठाऊक नाही.

शेवटी जपणुकीचा प्रश्न राहतो, आणि तो वरवर तांत्रिक दिसला तरी विषयाच्या गाभ्याशी आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले तर त्यातला एक झपाट्याने गंजतो. पीव्हीसी या प्लास्टिकमधले मऊपणा देणारे द्रव्य हळूहळू बाहेर पाझरते आणि पृष्ठभाग चिकट होतो. पॉलियुरेथेनचा फोम भुगा होतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी बादल्या आणि क्रेट ठिसूळ होऊन त्यांचे बारीक तुकडे पडतात, जे निसर्गातून नाहीसे होत नाहीत, पण शिल्पाला मात्र सोडून जातात. कधी धोका साफसफाईचाही असतो: २००४ साली लंडनमधील टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात गुस्ताव्ह मेट्झगर यांच्या कलाकृतीचा भाग असलेली कचऱ्याची पिशवी सफाई कर्मचाऱ्याने कचरा समजून उचलून नेली, आणि मेट्झगर यांनी तिच्या जागी दुसरी पिशवी ठेवली.

मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो यांच्या १९६७ सालच्या 'चिंध्यांची व्हीनस' या शिल्पात बागेच्या सामानाच्या दुकानातून आणलेला व्हीनसचा साचेबंद पुतळा पाठ करून उभा आहे, आणि तिच्यासमोर जुन्या कपड्यांचा ढीग आहे. म्हणजे देवीसुद्धा दुकानातलीच. या शिल्पाची एक प्रचंड आवृत्ती २०२३ च्या जुलैमध्ये नेपल्सच्या चौकात जाळण्यात आली, आणि पुढच्या वर्षी ती तिथे पुन्हा उभारली गेली. एखादा प्राचीन पुतळा असा नष्ट झाला असता तर तो कायमचा गेला असता. या व्हीनसला लागणारे सुटे भाग, म्हणजे कोणीतरी घालून सोडून दिलेले कपडे, कोणत्याही शहरात हव्या तितक्या प्रमाणात मिळतात.